रात्रीच्या इतिहासाचें दालन

भिवंडी हें मागांचें गांव. दिवस मावळला म्हणून येथें माग थांबत नाहींत. पाळी बदलते आणि खडखडाट पुढें चालूं राहतो. २०११ च्या जनगणनेंत सात लाखांवर वस्ती भरलेल्या या शहराचें पुष्कळसें जीवन रात्रीं चालतें. त्यामुळें रात्रीं घराबाहेर असणारा मनुष्य बिघडलेलाच असावयाचा, हा पांढरपेशा समज येथें फार दिवस टिकत नाहीं. अशा गांवांतून निघून आज वाचकांस एका निराळ्या रात्रीची ओळख करून द्यावी, असा आमचा मानस आहे.

परदेशांत अलीकडे एका नव्या प्रकारचीं वस्तुसंग्रहालयें उभीं राहिलीं आहेत. समलिंगी व तृतीयपंथी लोकांचा इतिहास त्यांत मांडलेला असतो. बर्लिनचें 'श्वूलेस म्यूझियम' १९८५ सालीं स्थापन झालें. लंडनचें 'क्वीअर ब्रिटन' २०२२ सालीं उघडलें. अशा दालनांत राजांच्या तलवारी नसतात. मोर्चांचे फलक, खासगी पत्रें, छायाचित्रें आणि नृत्यगृहांचीं पत्रकें असतात. आमच्या वयाचा वाचक विचारील कीं, नाचगाण्याच्या अड्ड्यांस इतिहासांत स्थान तें कशास? उत्तर सरळ आहे. ज्यांस दिवसा घरांत, कचेरींत वा देवळांत आपलें खरें रूप सांगतां येत नव्हतें, त्यांची एकमेकांशीं गांठ रात्रींच पडे. आणि माणसें जेथें भेटतात तेथेंच चळवळी जन्मास येतात. न्यूयॉर्कचें 'स्टोनवॉल इन' हें साधें मद्यपानगृह. २८ जून १९६९ च्या उत्तररात्रीं तेथें पोलिसांनीं धाड घातली आणि गिऱ्हाइकांनीं प्रतिकार केला. २०१६ सालीं त्याच जागेस अमेरिकन सरकारनें राष्ट्रीय स्मारकाचा मान दिला.

आपल्या देशांत बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांत अशा कागदपत्रांचें एक अभिलेखागार आहे. मुंबई-ठाण्याकडील इतिहास मात्र वाटेवरच वाचतां येतो.

भिवंडीहून निघून कशेळीचा पूल ओलांडला कीं ठाणें लागतें. लक्ष्मी नारायण त्रिपाठी या ठाण्याच्या. ब्राह्मण कुटुंबांत थोरला मुलगा म्हणून जन्मलेल्या लक्ष्मी १९९८ सालीं हिजडा समाजांत गेल्या. त्यांनीं नृत्यबारांत नृत्य केलें, आणि २००५ सालीं महाराष्ट्र सरकारनें तेथील नृत्यावर बंदी घातली तेव्हां त्या विरोधास उभ्या राहिल्या. पुढें तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या खटल्यांत त्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेल्या. १५ एप्रिल २०१४ रोजीं न्यायालयानें तृतीय लिंगास मान्यता दिली. या साऱ्यांत आम्हांस सर्वांत मोठी वाटते ती निराळीच गोष्ट: आईवडिलांनीं त्यांस घराबाहेर काढलें नाहीं.

ठाण्याहून मुंबईस जावें. महर्षि कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें. समलिंगी संबंधांसारख्या विषयांवर वाचकांनीं विचारलेल्या प्रश्नांस त्यांनीं उत्तरें दिलीं, म्हणून १९३४ सालीं त्यांजवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दोनशें रुपये दंड झाला. पण प्रश्न विचारणें हा अपराध नव्हे, हें मराठी माणसापुढें एकदां मांडलें गेलें. १९९० सालीं याच शहरांत अशोक राव कवी यांनीं 'बॉम्बे दोस्त' हें नियतकालिक सुरू केलें. १६ ऑगस्ट २००८ रोजीं, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्याच दिवशीं, ऑगस्ट क्रांति मैदानावरून हे लोक मोर्चानें निघाले. रात्रीची गोष्ट भर दिवसा रस्त्यावर आली. दहा वर्षांनीं, ६ सप्टेंबर २०१८ रोजीं, सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांस गुन्हा ठरविणारा ३७७ व्या कलमाचा भाग सर्वोच्च न्यायालयानें रद्द केला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें मिळाला नाहीं.

विराटपर्वांतील बृहन्नडा आपणां सर्वांस ठाऊक आहे. घारापुरीच्या लेण्यांतील अर्धनारीश्वरापुढें आपण आदरानें उभे राहतों. पाषाणास मान देणें सोपें असतें. तेंच रूप आपल्या ओसरीवर आलें म्हणजे मान खालीं जाते.

कायदा न्यायालयांत बदलतो, परंतु या इतिहासाचा पुरावा प्रथम नष्ट होतो तो घरांत. जन्मभर अविवाहित राहिलेल्या काकांच्या मृत्यूनंतर त्यांच्या जिवलग स्नेह्याचीं पत्रें बंबांत जातात. समूहचित्रांतील एक चेहरा कात्रीनें कापला जातो. घर सोडून गेलेल्या मुलाचें नांव कुळवृत्तांतांत येत नाहीं. विचारल्यास 'परगांवीं असतो' एवढेंच उत्तर मिळतें. ज्या घराण्यांनीं बारा पिढ्यांचीं नांवें जतन केलीं, त्यांनीं तेराव्या पिढींतील एक नांव आपल्या हातानें पुसावें, हें आम्हांस शोभणारें नाहीं. तो मुलगा किंवा ती मुलगी कदाचित् आज एखाद्या शहरांत दिवे लागल्यावरच मोकळा श्वास घेत असेल. कुळवृत्तांताची नवी आवृत्ति निघेल तेव्हां वडीलधाऱ्यांनीं प्रथम त्यास एक पत्र घालावें, तो कोणासह राहतो तें विचारावें, आणि त्याची अनुमति असल्यास दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं छापावीं.