किती टक्के झालं?

पुस्तक वाचणाऱ्याला पूर्वी कुणी विचारलं, ‘कुठवर आलं?’ तर तो पान उघडून दाखवायचा, नाहीतर उरलेली जाडी चिमटीत धरून म्हणायचा, ‘एवढं राहिलं.’ आता आमच्या घरात मोबाइलवरून उत्तर येतं, ‘४३ टक्के.’ आम्हा शिक्षकांच्या कानाला टक्के म्हणजे निकाल. त्यामुळे ४३ ऐकलं की आधी वाटतं, काठावर पास!

हा आकडा येतो कुठून? मोबाइलवर अक्षर मोठं केलं की ओळी तुटतात आणि पानं वाढतात. नातीच्या बारीक अक्षरात जे पुस्तक अडीचशे पानांत मावतं, त्याचीच दादीच्या मोठ्या अक्षरात सहाशे पानं होतात. मग ‘पान ८०’ म्हणजे नेमकं काय? २००७ साली किंडल आलं, तेव्हा म्हणूनच त्यात पानांऐवजी ‘लोकेशन’ नावाचा क्रमांक होता. छापील प्रतीशी जुळणारे पानांचे आकडे काही पुस्तकांना मिळाले ते २०११ मध्ये. टक्के मात्र बहुतेक वेळा सगळ्या फाइलचे धरले जातात. शेवटी टिपा, सूची किंवा लेखकाच्या पुढच्या पुस्तकाचं एखादं प्रकरण जोडलेलं असेल, तर गोष्ट नव्वदीतच संपते आणि मुलं विचारतात, ‘बाकीचं कुठे गेलं?’

कुरआन शरीफ वाचणाऱ्या घरांना ही अडचण नवी वाटू नये. तिथे खुणा कागदावर अवलंबून नाहीत, त्या कलामालाच लागलेल्या आहेत. ३० पारे, ७ मंजिला, आणि प्रत्येक पाऱ्यात पाव, अर्धा, पाऊण. आपल्याकडच्या प्रतींत समासात ‘ऐन’ हे अक्षर दिसतं, ती रुकूची खूण. त्यावरचे तीन आकडे मुलांना जरूर समजावून सांगावेत: वरचा म्हणजे सूरहमधला कितवा रुकू, मधला त्या रुकूतल्या आयतींची संख्या आणि खालचा पाऱ्यातला कितवा रुकू. आमच्या नानीला विचारलं, तर ती टक्के सांगत नाही. ‘सूरह यूसुफचा चौथा रुकू’ म्हणते आणि मोरपीस ठेवते. तिची प्रत बदला, चष्मा बदला, मोबाइल हातात द्या. जागा तीच राहते.

पानांचा हिशेबही आहेच. मदिनेत छापल्या जाणाऱ्या मुसहफची ६०४ पानं, पानाला १५ ओळी, आणि पान संपतं ते आयत संपते तिथेच. एक पारा साधारण २० पानांचा, म्हणून पाच नमाजांबरोबर चार-चार पानं वाचली की दिवसाला एक पारा होतो. रमजानात ही पद्धत कितीतरी घरांत चालते. ती चालते कारण त्या मुसहफच्या प्रत्येक प्रतीत पान तेच असतं.

ई-पुस्तकांत असं पक्कं पान हवं असेल, तर उर्दू वाचकांची थोडी सोय आहे. उर्दूतली जुनी पुस्तकं बहुधा छापील पानांचे फोटो म्हणूनच मिळतात. रेख्ताच्या संग्रहात अशी पुष्कळ आहेत. तिथे अक्षर मोठं केलं तरी पान तुटत नाही. फक्त पडद्यावरचा आकडा आणि पानावर छापलेला आकडा वेगळा असतो, कारण मुखपृष्ठ आणि प्रस्तावनाही मोजली जाते. वहीत छापलेलाच लिहावा.

आमच्या वर्गातल्या नववीच्या एका मुलीने याच्या उलट रस्ता काढला आहे. घरात मोबाइल एक, तो भावाचा. तिला तो मगरिबनंतर अर्धा तास मिळतो. भाऊही त्याच खात्यावर तेच मराठी पुस्तक वाचतो आणि पुढे गेलेला असतो. अ‍ॅप उघडलं की ते भावाच्या जागी नेऊन सोडतं. ती उठताना शेवटच्या ओळीतले चार शब्द वहीत लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी तेच शब्द शोधले की ओळ सापडते. पान नको, टक्के नकोत. पण फोटो काढलेल्या पुस्तकांत शब्द शोधता येत नाहीत, तिथे छापील पानच हवं. आता आम्ही सगळ्या वर्गालाच ‘किती टक्के’ विचारत नाही. टक्के तर पट्टी बोटाने सरकवूनही वाढतात! कुठल्या वाक्याशी थांबलात, ते विचारतो. वही उघडावी लागते, आणि कधीकधी ते वाक्य का लक्षात राहिलं हेही कळतं.

खरी काळजी वेगळीच आहे. वाचनाच्या अनेक अ‍ॅपमध्ये ‘सलग इतके दिवस’ अशी मोजणी असते; एक दिवस चुकला की शून्य. तिलावतीच्या अ‍ॅपमध्येही ती आली आहे. दर महिन्याला नमाज माफ असलेल्या दिवसांत आपल्याकडे मुली आणि बायका मुसहफ वाचत नाहीत. शरीअतने जी सवलत दिली, तिला अ‍ॅप ‘खंड पडला’ म्हणतं. कुटुंबाच्या ग्रुपमध्ये भाऊ, चाचा, दूल्हाभाई सगळे असतात. तिथे रोजची हिरवी खूण टाकायची प्रथा असेल, तर कुणाची खूण कधी थांबली, हे सगळ्यांना दिसतं. आमच्या नात्यातली एक मुलगी त्या दिवसांतही खूण टाकत होती. वाचलेलं नसताना ‘झालं’ म्हणायचं, ते केवळ लाजेपोटी. तिला रागवायचं की ती खूण सुरू करणाऱ्यांना?

आम्ही ग्रुपमधल्या खुणा बंद करवल्या आणि मुलींच्या मोबाइलमधली ती सूचनाही. घरातल्या कुरआनखानीसाठी ३० पारे पूर्वीसारखेच वाटून घेतले आहेत. तारीख नाही, महिनाभरात केव्हाही. ज्याचा पूर्ण होईल, त्याने मोठ्या खालाला फोन करायचा. तिच्याकडे जुन्या कॅलेंडरच्या मागे ३० चौकोन आखलेले आहेत. सध्या किती भरले, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि विचारलं तर ती म्हणते, ‘तुझा झाला का?’