दस्तरखान

पणजीला मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं उभी असतात. गोव्याच्या रहिवाशांना फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळायला बंदी आहे. आपण बाहेरचे मात्र चालतो. मामूच्या पोराच्या हट्टापायी मीही एकदा गेलो. तिकिटातच बुफे होता. चिनी नूडल्स, इटालियन पास्ता, पंजाबी दाल, गोव्याची फिश करी, चिकनचे चार प्रकार.

"भाई, तुम्ही जेवून घ्या, मी आलोच," म्हणत तो पत्त्यांच्या टेबलाकडे गेला.

"चिकन हलाल आहे का?" मी वाढणाऱ्याला विचारलं. तो "हो" म्हणाला. मी निवांत जेवलो.

कुरआनातल्या पाचव्या सूरहचं नाव अल-माइदा, म्हणजे अन्नाने मांडलेला दस्तरखान. जुगाराची मनाई याच सूरहच्या ९० व्या आयतीत आहे. तिथला शब्द 'मैसिर'. इस्लामपूर्व अरब उंट कापून त्याच्या मांसाचे वाटे बाण काढून ठरवत. हरणाऱ्यांनी उंटाची किंमत भरायची, बाकीच्यांनी जेवायचं.

आमच्या तामलवाडीकडे कंदुरीची पंगत बसते. जात-धर्म कुणी विचारत नाही. खर्च नवस फेडणाऱ्याचा. तो खुशीने वाढतो, जेवणारा हात धुऊन दुवा देत घरी जातो.

पहाटे आम्ही जहाजावरून उतरलो. सोयाबीनच्या पट्टीचे सगळे पैसे तो हरला होता आणि रात्रभर उपाशी होता. चिकन हलाल आहे का, एवढंच मी विचारलं होतं. त्याचे पैसे कोण भरतंय, हे विचारायचं राहिलं.