आईचे मत

माझी आई वारली त्याला तेव्हा चार वर्षे होऊन गेली होती. आणि तरीही ती दारूच्या दुकानाच्या बाजूने मत देणार होती.

वाचकांना ही थट्टा वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. ज्या बाईने उभा जन्म दारूच्या नावाने बोटे मोडली, तिचे मत दारूला? पण सरकारी हिशेब तसाच होता, आणि तो मला माझ्या वहिनीने समजावून सांगितला. वहिनी चौथी शिकलेली. मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवलेली.

आमचे गाव पारनेर तालुक्यात, नगर जिल्ह्यात. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण मी सांगते आहे ती हकीकत त्याच्या काही वर्षे आधीची, आणि तोंडातले नाव एकदम बदलत नाही.) मी नोकरीच्या निमित्ताने नगरला गेले, सावेडीला दोन खोल्या घेतल्या आणि तिथलीच झाले. मतदारयादीतले नाव मात्र गावच्या यादीतून हलवले नाही. आळस हे एक कारण. आणि यादीत माझ्या नावाच्या वरच आईचे नाव होते, हे दुसरे.

एका दुपारी वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमचं नाव अजून इथंच हाय ना?"

"आहे. का गं?"

"मग मतदानाला या. बाटली आडवी करायचीय."

आता ही आडवी बाटली म्हणजे काय, ते महाराष्ट्रातल्या बायकांना सांगायला नको; पुरुष वाचकांसाठी सांगते. २००८ सालच्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या एक चतुर्थांश स्त्री-मतदारांनी लेखी अर्ज केला, की राज्य उत्पादन शुल्क खाते त्या सह्यांची पडताळणी करते, आणि मग गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर कुणा उमेदवाराचे नाव नसते. दोन बाटल्यांची चित्रे असतात. एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या. आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. गंमत अशी, की ज्या कायद्याखाली दारूच्या दुकानांना परवाने मिळतात त्याचे नावच मुळी दारूबंदी कायदा आहे, १९४९ चा! आपल्याकडे नावे ठेवणारे लोक मोठे विनोदी असतात.

आमच्या गावच्या बायकांना हे सुचले त्याला कारणे होती. आमच्याच तालुक्यात निघोजच्या बायकांनी २०१६ साली मतदान करून बाटली आडवी केली होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, नगर तालुक्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या जेवणावळीत विषारी दारू पिऊन माणसे दगावली. तेव्हापासून बायकांच्या पोटात भीती बसली होती. राळेगणसिद्धी आमच्यापासून फार लांब नाही. तिथे अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून परत आले, देवळात गाव गोळा केले आणि दारूच्या भट्ट्या बंद करवल्या. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी नशाबंदी आणली. पण प्रत्येक गावाला अण्णा कुठून मिळणार? आमच्या गावाला मिळाले नाहीत. कायद्याने आम्हाला त्यांच्याऐवजी एक मतपेटी देऊ केली होती.

"पण वन्सं," वहिनी म्हणाली, "त्यात एक खोट हाय. मत द्यायला येणाऱ्या बायकांत नव्हं, यादीतल्या समद्या बायकांत निम्म्याहून जास्त पायजेत."

मी गप्प झाले. गणित डोक्यात मांडू लागले. समजा, यादीत हजार बायका आहेत. त्यातल्या सहाशे मताला आल्या, आणि सहाशेपैकी चारशे ऐंशींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. म्हणजे पाचांतल्या चौघींनी दारू नको म्हटले. तरी दुकान चालू! कारण पाहिजेत पाचशे एक. ज्या चारशे आल्या नाहीत त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या खात्यात. न आलेल्या कोण? ज्या लग्न होऊन शिरूरला, संगमनेरला नांदायला गेल्या त्या. ज्या नवऱ्याबरोबर मुंबईला राहतात त्या. आमच्या तालुक्याची निम्मी बिऱ्हाडे मुंबईच्या चाळींत. ग्रामपंचायतीची निवडणूक असली म्हणजे त्यांना आणायला उमेदवार गाड्या भरून पाठवतात. बाटली आडवी करायला गाडी कोण पाठवणार?

आणि न आलेल्यांत शेवटी ज्या मेल्या त्या. माझी आई.

माझे वडील पीत असत. एवढेच लिहून मी पुढे जाणार होते, पण एक गोष्ट सांगितल्याखेरीज आई कळणार नाही. संध्याकाळी दिवे लागले की ती बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राही. अंधारात वडिलांच्या चपलांचा आवाज ऐकू येई. त्या आवाजावरून ती ओळखे. चपला नीट वाजल्या तर ती आत येऊन म्हणे, "बसा जेवायला." फरफटत वाजल्या तर म्हणे, "जा, काकूकडं जाऊन निजा." आम्ही भावंडे भाकरी हातात घेऊन काकूकडे जात असू. मागे काय होई ते सकाळी आईच्या चेहऱ्यावरून कळे, आणि ती ते आम्हाला विचारू देत नसे. पेरणीच्या बियाण्याचे पैसे ती जोंधळ्याच्या कणगीत तळाशी पुरून ठेवी. ते एकदाच सापडले वडिलांना. त्या वर्षी आमच्या शेतात काही उगवले नाही.

त्या आईचे मत दुकानाला!

मी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला गावी गेले. आधी बायकांची सभा झाली, मग सगळ्यांची. बायका इतक्या कधी जमल्या नव्हत्या. सरपंच बाई होत्या. त्यांचे यजमान शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि बाईंच्या वतीने बोलत होते. वहिनीने पिशवीतून खोबरेल तेलाची रिकामी बाटली काढली आणि टेबलावर आडवी ठेवली. हशा झाला.

यजमान म्हणाले, "आडवी केली म्हणून काय होतंय वहिनी? बूच घट्ट असलं म्हंजे सांडत न्हाई."

पुन्हा हशा. पण वहिनी हसली नाही. तिने कागद वाचायला माझ्या हातात दिला. यादीतल्या मयत बायकांची नावे काढावीत; ज्या कायमच्या परगावी गेल्या त्यांची चौकशी करावी; मतदान बाजाराच्या दिवशी आणि कांदालागवडीच्या हंगामात ठेवू नये, कारण तेव्हा मजुरीवर गेलेली बाई परत येणार नाही; आणि मतपत्रिका कशी असते ते म्हाताऱ्यांना आधी दाखवावे. हे शेवटचे का, ते तिथेच कळले. मागून एक आजी म्हणाली, "उभी बाटली म्हंजे बंद का चालू? बाटली बंद असली म्हंजे उभीच ठेवत्यात की!" तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. घरात भरलेली, बूच लावलेली बाटली उभीच असते. आडवी पडते ती प्यालेल्याची.

मग दुकानाशेजारी फुटाणे आणि उकडलेली अंडी विकणारी काकू उठली. तिचा नवरा दारूनेच गेला, हे सगळ्या गावाला ठाऊक. ती म्हणाली, "माझी दोन पोरं त्या टोपलीवर शाळंत जात्यात. दुकान बंद झाल्यावर टोपली कुठं मांडू, त्ये बी त्या कागदात लिवा." कुणी काही बोलले नाही. मी कागदाकडे पाहिले. ते त्यात नव्हते. लिहिण्यासारखे काही सुचलेही नाही.

एक म्हातारा म्हणाला की दुकान गेले तर हातभट्टी येईल, आणि पांगरमल काय परवान्याच्या दुकानाने झाले का? हा प्रश्न खोटा नव्हता. बराच वेळ गलका चालला. ग्रामसेवकाने लेखणी खाली ठेवली होती. तेव्हा इतका वेळ पदर सावरत बसलेल्या सरपंचबाई त्याला म्हणाल्या, "भाऊ, बायका सांगत्यात त्ये लिहा." यजमानांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी पाहिले नाही. ग्रामसेवकाने लिहिले.

ठरावाची नक्कल घेऊन आम्ही पाचजणी कचेऱ्यांत गेलो. कोणत्या कचेऱ्या ते सांगत नाही. तिथली माणसे वाईट नव्हती, त्यांनी चहासुद्धा विचारला. पण एका ठिकाणी म्हणत, यादी आम्ही करत नाही, आम्हाला यादी येते. दुसऱ्या ठिकाणी म्हणत, यादी आमची, पण मतदान आमचे नाही. अखेर एका तरुण कारकुनाला दया आली. तो म्हणाला, "बाई, ठरावानं नाव निघत नाही. प्रत्येक नावाला नमुना सात भरा, मृत्यूचा दाखला जोडा. नाव निघेल." त्याने कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठाच दिला.

मग वहिनी आणि तिच्या सोबतिणी घरोघर हिंडल्या. मयताचे दाखले म्हणजे ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या शालूखाली ठेवलेले. कुणी लगेच देई, कुणी रडून देई. एक सासू म्हणाली, सुनेचे नाव काढू नका, तेवढेच राहिलेय. तिथे वहिनीने आग्रह केला नाही.

आमच्या घरी मात्र वेगळेच झाले. दाखला भावाजवळ होता. तो म्हणाला, "आईचं नाव कशाला खोडता? कागदावर तरी राहू दे."

त्याच्या डोळ्यांत पाणी होते, ते मी पाहिले. पण भाऊही संध्याकाळी दुकानाकडे जातो, हेही मला ठाऊक होते. वडिलांइतका नाही; पण जातो. अर्जावर पहिली सही वहिनीची का, हे त्यालाही ठाऊक होते. ते पाणी आईसाठी होते की दुकानासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही; बहुधा त्यालाही सांगता येणार नाही. आणि मी तरी कोण मोठी निर्मळ? चार वर्षे नाव काढले नाही ते मीही त्याच मायेने. माझ्या मायेने आई उभ्या बाटलीच्या रांगेत उभी राहिली होती.

वहिनी चूल सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई असत्या तर सगळ्यांच्या आधी रांगेत असत्या. आता येत न्हाईत, तर निदान त्यांच्या नावावर दारू विकू नका."

भावाने दाखला काढून दिला. मी नमुना भरला. मयताशी नाते: मुलगी. नाव वगळण्याचे कारण: मृत्यू. शाळेत हजारो नावे लिहिली आणि खोडली, पण ते एक नाव लिहिताना अक्षर वाकडे आले.

मतदान झाले ते शाळेत, जिथे मी बाराखडी गिरवली त्याच वर्गात. मी पहाटेच्या गाडीने गेले. रांग फाटकापर्यंत आली होती. मुंबईहून काहीजणी स्वखर्चाने आल्या होत्या; एक तर तान्ह्या पोराला घेऊन रात्रभर उभ्याने. त्या आजीला तिची नात वाटेत पढवत होती, "निजलेली बाटली, आज्जे, निजलेली." फुटाण्याची काकूही रांगेत होती. आत जाताना तिने माझ्याकडे पाहिले, बाहेर येताना पाहिले नाही. गुप्त मतदानाचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला, आणि मी तिला काही विचारले नाही.

माझा नंबर आला. टेबलावर यादी उघडी होती. माझ्या नावाच्या वरच्या चौकटीत आईचा फोटो होता, आणि त्यावर नाव वगळल्याचा तिरपा शिक्का. कारकुनाने माझ्या नावाखाली रेघ ओढली आणि मतपत्रिका दिली.

बाटली आडवी झाली. फरक फार थोडा पडला. नावे निघाली नसती तर जमले नसते, असे वहिनीच्या सोबतिणींनी बोटांवर मोजून दाखवले. गुलाल उधळला. दुकानाला कुलूप लागले. फुटाण्याच्या काकूने टोपली एसटीच्या थांब्यावर नेली. तिथे अंडी खपत नाहीत, फुटाणे थोडे खपतात. हातभट्टी अजून आलेली नाही. बायका ओढ्याकाठी लक्ष ठेवून असतात.

भाऊ आता शनिवारी मोटारसायकलवर शेजारच्या गावच्या दुकानात जातो. पूर्वी रोज जाई, आता आठवड्यातून एकदा. वहिनी दिवेलागणीला बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहते, आणि गाडीच्या आवाजावरून ओळखते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. शेजारच्या गावच्या बायका तिच्याकडे येऊन बसल्या होत्या. त्यांना अर्ज कसा करायचा ते विचारायचे होते. "वन्सं," ती म्हणाली, "तुमच्याकडं नमुना सातचे कोरे कागद उरलेत का?"

पंचवीस उरले होते. मी ते दुसऱ्या दिवशीच्या एसटीने, ओळखीच्या वाहकाजवळ, पाठवून दिले.