मॅडमचे कंस

पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत कोड तपासायला मॅडमकडे जायचा. त्या तो मोठ्यानं वाचायच्या, तोही मराठीत. आजूबाजूचे हसायचे, त्यांना फिकीर नसे. जीभ अडखळली की तेवढी ओळ परत आलीच म्हणून समजा.

एकदा एका ग्राहकाचा तिकिटांचा जुना पीएचपी कोड आमच्याकडे आला. त्यात एक ओळ, मराठीत मांडायची तर, अशी होती:

बालक ? 'अर्धे' : ज्येष्ठ ? 'पाऊण' : 'पूर्ण'

"बालक असेल तर अर्धे, नाहीतर ज्येष्ठ असेल..." मॅडम थांबल्या. "अरे, हे 'नाहीतर' नक्की कुठपर्यंत चालतं?"

सी भाषेत अशी ओळ उजवीकडून जुळते, बालकाला अर्धंच मिळतं. पीएचपी तेव्हा डावीकडून जुळवायचं. आधी पहिल्या तुकड्याचा निकाल 'अर्धे', आणि मग त्या निकालालाच पुढची अट समजायचं. 'अर्धे'सारखा मजकूर म्हणजे खरा, त्यामुळे बालकाच्या हाती पाऊण तिकीट! मॅडमनी 'ज्येष्ठ'पासून 'पूर्ण'पर्यंत कंस घातला आणि ओळ पुन्हा वाचली. या वेळी जीभ अडली नाही. कानानं कोड तपासायची माझी सवय तिथली, आणि पगारातून ते ऋण फिटणारं नाही.

पायथनवरून मात्र आमचं कधीच जमलं नाही. तिथे एका ओळीतल्या अशा निवडीसाठी आधी 'अट आणि हे किंवा ते' असा जुगाड चाले, आणि 'हे' शून्य निघालं की तो फसे. २००३ मध्ये वेगळ्या रचनेचा प्रस्ताव आला, मतं घेतली, एकमत झालं नाही. शेवटी २००५ मध्ये पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनीच ठरवलं: किंमत आधी, अट मधे, पर्याय शेवटी. २००६ च्या २.५ आवृत्तीत ते आलं. "आधी निकाल, मग खटला?" मॅडम म्हणायच्या. मला तो क्रम आवडतो. नेहमीची किंमत पुढे राहते, अपवाद मागे. अट लांबलचक असली की मात्र त्यांचंच खरं, हे त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

२०२० मध्ये पीएचपी ८ आलं आणि कंस नसलेली ती साखळी थेट चूक ठरली. मी निवृत्त मॅडमना फोन केला.

"उशीर केला," त्या म्हणाल्या, "पण केलं. आता तुझ्या पायथनवाल्यांना सांग."