केडगाव, पौल आणि मी

करमाळ्याहून पुण्याला परतताना आम्ही जेऊरला गाडी पकडतो. दौंड सोडलं की केडगाव लागतं. इथेच पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये आलं. मागच्या वीकेंडला त्यातली पौलाची पत्रं वाचायला घेतली.

हा पौल तंबू बनवणारा ज्यू. आधी येशूच्या लोकांचा छळ करायचा, नंतर त्यांच्यातलाच झाला. नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी १३ पत्रं त्याच्या नावावर आहेत. त्याचं मोठं भांडण एकाच मुद्द्यावर: येशूला मानायला आधी ज्यू व्हावं लागतं का? सुंता, खाण्यापिण्याचे नियम वगैरे? पौल म्हणाला, गरज नाही. पेत्रालाही त्याने हे तोंडावर सुनावलं. नाहीतर हा धर्म बहुधा ज्यूंमधलाच एक छोटा पंथ राहिला असता.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, पण त्या इंग्रज झाल्या नाहीत. बायकांनी सभेत गप्प बसावं, असंही पौलाच्या एका पत्रात आहे. बाई काही गप्प बसल्या नाहीत!

मी ख्रिस्ती नाही, आमची आपली कमलाभवानी. पण कंपनीत नवा असताना "गाव कुठलं?" विचारलं की मी "पुण्याजवळ" म्हणून वेळ मारून न्यायचो. आत शिरायचं तर आधी दुसरंच कुणीतरी व्हावं लागतं, असं वाटायचं.

असो. सोमवारी कुणी विचारलं, तर करमाळा सांगणार.