फ्लाइट रात्री दोन चाळीसची!

नागपूर, नांदेड, कोल्हापूर, जळगाव... गाव कुठलंही असो, घरातलं कुणी परदेशी निघालं की गाडी बहुतेक वेळा मुंबईत येऊन अडते. आणि फ्लाइट असते रात्री दोन-तीनची! पूर्वी यावर एक ठरलेला फंडा होता. विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरायचं, डोंबिवलीच्या नाहीतर बोरिवलीच्या काकांकडे बॅगांसकट धडकायचं, काकूच्या हातचा वरणभात खायचा आणि संध्याकाळी सातपासून 'ट्रॅफिक लागेल, ट्रॅफिक लागेल' असा जप सुरू करायचा.

आता नागपूर-मुंबई विमान दीड तासात येतं आणि काकांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली असते. मग दुपारी एक ते रात्री अकरा या वेळाचं करायचं काय? बहुतेक जण एअरपोर्टच्या खुर्चीत बसून मोबाइल चार्ज करतात. उरलेले टॅक्सीवाल्याचं 'मुंबई दर्शन' पॅकेज घेतात. सिद्धिविनायक, हाजी अली, गेटवे, मरीन ड्राइव्ह, जुहू, सगळं पाच तासांत! यात जे दिसतं ते मुख्यतः पुढच्या गाडीचं बंपर असतं.

युरोपची विमानं अशा भुताच्या वेळेला का सुटतात, असं मला आई नेहमी विचारायची. एक साधं कारण आहे. फ्रँकफर्टसारख्या विमानतळावर रात्री अकरा ते पहाटे पाच विमानांची ये-जा बंद असते, शेजारपाजारच्यांची झोप मोडू नये म्हणून. आणि सकाळी लवकर उतरलं तर पुढची विमानं, ट्रेन सगळं मिळतं. मुंबईहून नऊ-साडेनऊ तास लागतात, हिवाळ्यात घड्याळ साडेचार तास मागे घ्यायचं. म्हणजे तिथे सकाळी सात-आठला पोचायचं तर इथून दोन-अडीचला निघायलाच हवं. त्यांची झोप होते, आपली जाते.

तर यंदा फेब्रुवारीत आईची अशीच फ्लाइट होती. नागपूर-मुंबई-फ्रँकफर्ट. ताईचं बाळंतपण. वय अठ्ठावन्न, पहिलाच परदेश प्रवास, तोही एकटीने. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे 'बाबा बघतील' हा नागपूरच्या घरातला सगळ्यात मोठा आधार आता नाही. शेंगेन व्हिसाच्या नियमाने नव्वद दिवस मुक्काम. आणि मुंबईत माझ्या वाट्याला आई येणार दुपारी सव्वाएक ते रात्री अकरा. माझ्या वाट्याला म्हणजे काय, ते मुंबईत एकट्या राहणाऱ्या सगळ्यांना कळेल. आई फोनवर रोज असते, पण समोर नसते.

आधी थोडं बोअरिंग पण महत्त्वाचं. तिकिटावर १२ तारीख, दोन चाळीस, असं असेल तर तुम्ही एअरपोर्टवर ११ तारखेच्या रात्रीच पोचायचं असतं. हे वाचून हसू नका, हे घरात तीन जणांनी तीन वेळा मोठ्याने म्हणायचं वाक्य आहे. दुसरं, दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर बॅगा निघतानाच शेवटच्या मुक्कामापर्यंत चेक-इन होऊ शकतात, काउंटरवर विचारून घ्या. तिकिटं वेगवेगळी असतील तर बॅग मुंबईत हातात येणार. शिवाय देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलोच चालतात. म्हणून आईने नागपूरहून पंधरा किलोचीच बॅग आणली आणि उरलेलं सामान आधीच दादरहून घेऊन मी मरोळच्या फ्लॅटवर जमवून ठेवलं होतं. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा. लाडू मात्र ताईकडेच वळायचे, कारण दूध-दुभत्याचे पदार्थ बॅगेतून युरोपात नेता येत नाहीत. तूप नाही, पेढे नाहीत. 'तूप न्यायचं नाही, मग कशाला बोलावलं मला?' ही आईची प्रतिक्रिया.

नंतर उलटं गणित मांडायचं. फ्लाइट दोन चाळीस, एअरपोर्ट अकरा, त्याआधी घरी येऊन अंघोळ-जेवण, म्हणजे साडेआठला घरात. सुरुवातीचे दोन तास बॅग आणि जेवणात. हातात उरले सव्वापाच तास. यात एकच जागा बघायची. एकच! दुसरी जागा घातली की मधला प्रवासच तुमचा दिवस खातो. घारापुरीचा विचारही करू नका, गेटवेहून बोटीलाच जाता-येता दोन तास. आणि एकूण तीन-चार तासच असतील तर एअरपोर्टच्या बाहेरच पडू नका, उगाच बीपी वाढवून घ्यायचं काम नाही.

आईला जागा विचारली तर एका सेकंदात उत्तर. 'गिरगाव.'

१९८९ मध्ये आई एक वर्ष गिरगावात राहिली होती, तिच्या माईमावशीकडे. फोर्टमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. मग लग्न होऊन नागपूर. हे एवढंच आम्हाला माहीत. आमच्या घरात ही गोष्ट 'आई तेव्हा मुंबईला होती' या एका वाक्यात संपायची. त्यानंतर ती मुंबईत आली, पण लग्नांना. कल्याण, ठाणे, फार तर दादर. गिरगावात पुन्हा कधीच नाही.

आणि आता गिरगाव म्हणजे एका गाडीचं काम झालंय. मेट्रो तीन! आरे ते कफ परेड, जवळजवळ पूर्ण जमिनीखालून. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती शेवटपर्यंत सुरू झाली आणि एअरपोर्टवाल्या मुंबईकरांचं आयुष्य बदललं. टी-टूच्या विमानतळालाच स्टेशन आहे, तिथून मरोळ नाका एका बाजूला पुढचंच स्टेशन आणि गिरगाव दुसऱ्या बाजूला साधारण पाऊण तासावर. सिग्नल नाही, खड्डे नाहीत, 'भैया, लेफ्ट से लो' नाही. वस्तुसंग्रहालय बघायचं असेल तर हुतात्मा चौकाला उतरा, सिद्धिविनायकाचं तर स्टेशनच आहे.

आईची तक्रार एकच. 'अगं, मुंबई दिसतच नाही की! नुसती स्टेशनं येऊन राहिली.' मग तिने पाटीकडे बघत स्टेशनं मोजायला सुरुवात केली. दादर, सिद्धिविनायक, वरळी, आचार्य अत्रे चौक. मुंबई सेंट्रलला आता जगन्नाथ शंकरशेट म्हणतात हे वाचून खूश झाली. ग्रँट रोड गेलं आणि तिने पदर सारखा केला, पर्स छातीशी धरली. अगदी ऑफिसला उतरायचं असल्यासारखी.

मरोळमध्ये रस्ता ओलांडताना माझा हात घट्ट धरणारी ही बाई गिरगावात माझ्या चार पावलं पुढे. मी फोनवर मॅप उघडेपर्यंत ती गल्लीत शिरलेली. काळी-पिवळी फियाट शोधत होती. मी सांगितलं, प्रीमियर पद्मिनी २०२३ मध्येच बंद झाल्या, आता टॅक्सी काळी-पिवळीच पण गाडी दुसरी. 'हो का,' म्हणाली आणि चालत राहिली. खोताच्या वाडीतली लाकडी जिन्यांची, रंगीत कठड्यांची घरं तिने मला दाखवली, मी तिला नाही. चार वर्षं मुंबईत आहे मी, 'ओल्ड बॉम्बे'वर दोन फीचर्स लिहिलीत. पण माहिती असणं वेगळं आणि पायांना वळण ठाऊक असणं वेगळं.

माईमावशीची चाळ मात्र नव्हती. तिथे पत्रे होते आणि पत्र्यांच्या आत एक उंच क्रेन. आधी आईला वाटलं, गल्ली चुकली. मग समोरच्या इमारतीचा जिना तिने ओळखला. त्या जिन्याकडे तोंड करून उभी राहिली आणि बोटाने हवेत दाखवलं, 'दुसरा मजला. ही आपली खिडकी.' बोट जिथे होतं तिथे आकाश होतं. मला वाटलं आता रडणार. तर म्हणाली, 'भूक लागली.'

विनय हेल्थ होमला मिसळ खाल्ली. नागपूरच्या माणसाला मुंबईची मिसळ देणं म्हणजे धाडसच, तर्रीपोह्यावर वाढलेली जीभ ती! एकविसाव्या वर्षी हीच मिसळ तिला जहाल वाटायची म्हणे. 'पगाराच्या दिवशी यायचो आम्ही तिघी. मिसळ आणि वर पियूष.' आम्हीही तेच मागवलं. बिल मी देणार यावर दोन मिनिटं भांडण, ते मी जिंकले. (रेकॉर्डसाठी नोंद.)

तिथून रमतगमत चौपाटी. टिळकांच्या पुतळ्याजवळून वाळूत उतरलो. सूर्य बुडायला अर्धा तास होता. फेब्रुवारीत तो साडेसहाच्या पुढे बुडतो, त्यामुळे पाचला मिसळ, सहाला वाळू, हे टायमिंग लक्षात ठेवा. चपला काढून बसलो. आईने साडी खोचली, पाय लांब केले आणि मग समुद्राकडे बघत म्हणाली, 'मला इथं परमनंटचं पत्र आलं होतं, तुला माहितीये?'

नव्हतं माहीत.

'साखरपुडा झाला आणि पंधरा दिवसांनी आलं. एक मार्चपासून कायम.' पगाराचा आकडाही तिला आठवत होता, पैशांसकट. 'माईमावशी म्हणाली, नागपुरात काय ऑफिसं नाहीत? होती की. पण मग ताई झाली, तुझे आजोबा आजारी पडले, तू झालीस.'

'आणि पत्र?'

'आहे नं. ट्रंकेत, पासबुकांच्या खाली.'

'सांगितलं का नाहीस कधी?'

'तू कधी विचारलंस?'

गेली चार वर्षं दर रविवारी फोनवर आमचं एकच भांडण आहे. मी फ्रीलान्स करते, आणि आईचा प्रश्न ठरलेला, 'परमनंट कधी होणार?' माझं उत्तरही ठरलेलं, 'आई, आता कुणीच परमनंट नसतं.' मास कॉमचे सगळे मित्र हेच म्हणतात आणि ते खरंही आहे. पण तिच्यासाठी हा शब्द म्हणजे एका कागदाचं नाव आहे, तारीख आणि सही असलेल्या. हे चौपाटीवर कळलं. मी काही बोलले नाही. तिनेच विचारलं, 'एका लेखाचे किती देतात?' मी खरा आकडा सांगितला. पहिल्यांदाच. तिने मनातल्या मनात गुणाकार केला, भाड्याचा तिसरा हिस्सा वजा केला, आणि म्हणाली, 'चेक वेळेवर देतात का?'

'नाही.'

'मग आधी तो पाठपुरावा शीक. आम्ही तिघी अकाउंट्सच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहायचो. बसायचो नाही. उभं राहिलं की माणूस लवकर उठतो.'

ही टिप मी वापरली आहे, ई-मेलवर उभं राहता येत नाही तरी. दोन पेमेंट आली.

परतताना मला मोह झाला होता टॅक्सीचा. चौपाटीच्या पोटाखालून जाणारा कोस्टल रोडचा बोगदा, मग वरळी, मग सी लिंक, सगळं आईला दाखवायचं! पण वांद्र्याच्या पुढे संध्याकाळी सात वाजता हायवेवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. लेओव्हरमध्ये जाताना हवं तर रस्त्याने जा, येताना मेट्रोच. ती आमची सहाची सिटिंग सव्वासातपर्यंत लांबली, तरी आठ वीसला आम्ही मरोळला होतो. माझ्या दोन्ही रूममेट्सनी पिठलं-भात केला होता. आईने पिठल्यात वरून लसणाची फोडणी घातली आणि दोघींना रेसिपी लिहून दिली, बाळंतशेपाच्या पुडीच्या मागे. मग पुडी बॅगेत गेली आणि रेसिपीही गेली, तो भाग वेगळा.

अकराला टी-टूचा डिपार्चर गेट. मुंबईतल्या कुठल्याही थिएटरपेक्षा इथे जास्त नाटक चालू असतं. एका मुलाला निरोप द्यायला अख्खी ट्रॅक्स भरून माणसं, कुणी दही-साखर हातावर ठेवतंय, कुणी नारळ, आजी ट्रॉलीलाच कुंकू लावतेय. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, त्यामुळे जे काही बोलायचं ते या वीस फुटांत. आमचं बोलून झालं होतं. मी फक्त पासपोर्ट, तिकीट, इन्शुरन्स, ताईचं पत्र, व्हिलचेअर नको म्हणून सांग, एवढंच म्हणाले. तिने गेटवरच्या जवानाला पासपोर्ट दिला, तो परत घेऊन पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, चेन लावली, आणि ट्रॉली ढकलत गेली. वळून बघितलं नाही. तिला ट्रॉली सरळ ठेवायची होती.

साडेबाराला फोन. मी तोपर्यंत घरी येऊन आडवी झाले होते, पोटात गोळा. इमिग्रेशन अडलं? बॅगेतला डिंक काढायला लावला?

'सगळं झालं गं,' आई म्हणाली. 'इथं भिंतीवर केवढं काय काय लावून ठेवलंय! जुने दरवाजे, झरोके, मूर्ती. लांबच लांब आहे. मी एका टोकाकडून सुरुवात केलीये. दोन तास आहेत अजून, तू झोप.'