एकोणतीसचा पाढा

दम लागणं आणि दमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला, म्हणजे जन्मभराच्या दम्याच्या पेशंटला, हे कळायला बेचाळीस वर्षं लागली!

"धावू नकोस, धाप लागेल" हे लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की ते माझं आडनावच असावं. (आई, वाचत असशील तर रागावू नकोस. रात्र रात्र जागून पाठ शेकलीस ती तूच.) पी.टी.च्या तासाला मी सगळ्यांच्या चपला सांभाळायचे.

आता डॉक्टरांना विचारून, खिशात पंप ठेवून शिवाजी पार्कला धावते. एक फेरी म्हणजे किलोमीटरहून थोडं जास्त. चार फेऱ्या मजेत व्हायच्या आणि पाचवीला पाय जड, छाती भरलेली. दर वेळी पाचवीलाच! एकदा तीनच मारायच्या ठरवल्या, तर तिसरीलाच जीव गेला. छाती तीच, दमा तोच... मग हे काय?

दक्षिण आफ्रिकेतले शास्त्रज्ञ टिम नोक्स म्हणतात, थकवा मेंदू ठरवतो. काटकसरी गृहिणीसारखा तो महिनाअखेर आठवून आधीच हात आखडता घेतो. म्हणून तर अर्धमेला धावपटू शेवटचे चारशे मीटर उरले की सुसाट सुटतो. सगळ्यांना हे मान्य नाही, मला मात्र पटलं. शिवाय पॉला रॅडक्लिफ आहेच. तिलाही लहानपणापासून दमा, आणि २००३ साली लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन धावून तिने केलेला विश्वविक्रम २०१९ पर्यंत टिकला.

अर्थात वाचून धाप थांबत नाही. मग मी फेऱ्याच सोडल्या. पार्कात दर फेरीला तोच कट्टा "बस की जरा" म्हणत समोर येतो. सिद्धिविनायकावरून वरळी सी फेसकडे पाच किलोमीटर गेलं की परत यावंच लागतं. आणि धाप लागली की वेग कमी करून मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणते. लोक बघतात, बघू देत. न अडखळता झाला तर ती मनाची धाप, पुढे चला. छातीत शिट्टी वाजली तर तो खरा दमा, मग मुकाट थांबायचं आणि पंप घ्यायचा. तिथे हिरोगिरी नाही.

गेल्या रविवारी दहा किलोमीटर झाले. नवव्याला पाय जड झाले, अगदी नियमाने. दोनशे नव्वदपर्यंत पाढा नीट आला.

घरी येऊन आईला फोन केला. म्हणाली, "बरं झालं. पण घामाची पंख्याखाली बसू नकोस हं."